जळलेला सांधा

मोटारीच्या संसारात एक अन्याय वारंवार घडतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही, की सारा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. सरकारी कचेरीत ज्याच्या टेबलावर फाईल सापडते त्याच्यावरच विलंबाचा ठपका येतो, त्यातलाच हा प्रकार. नवी बॅटरी येते, काही दिवस बरी चालते आणि पुन्हा उतरते. मग अल्टरनेटर बदलला जातो. हजारो रुपये खर्ची पडतात. आणि खरा अपराधी, म्हणजे अल्टरनेटरच्या पाठीमागचा बोटाच्या पेराएवढा सांधा, आपल्या जागी सुखाने जळत राहतो.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे एक चिमुकले वीजघर. पूर्वी हे काम डायनॅमो करीत असे. 1960 साली क्रायसलर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला आणि पुढे डायनॅमो मागे पडत गेला. या वीजघरातला प्रवाह एका जाड तारेने बॅटरीकडे जातो. तारेच्या टोकाला तांब्याचे थिंबल असते आणि ते अल्टरनेटरच्या स्टडवर नटाने आवळलेले असते. इंजिनाच्या हादऱ्यांनी हा नट किंचित सैल झाला, किंवा दमट हवेने तांब्यावर गंज चढला, की तेथे विजेला अडथळा होऊ लागतो.

हा अडथळा किती असावा? ओहमचा अवघा विसावा भाग धरू. पावसाळी रात्री दिवे, वायपर, पंखा सारे चालू असताना चाळीस अँपिअर प्रवाह त्यातून गेला, तर त्या एका ठिकाणी दोन व्होल्ट खर्च होतात आणि ऐंशी वॅट उष्णता निर्माण होते. जुन्या घरगुती दिव्याइतका हा ताप एका नटाखाली कोंडलेला! प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा जूलचा नियम 1841 पासून आपल्याला ठाऊक आहे. तापाने तांबे अधिक काळवंडते, अडथळा वाढतो, ताप आणखी चढतो. तारेचे वेष्टन प्रथम तपकिरी व कडक होते, मग वितळते. एवढ्यावर थांबले तर नशीब. कारण आसपास तेलाचा चिकटा आणि इंधनाच्या नळ्या असतात.

इकडे अल्टरनेटर चवदा व्होल्ट देत असतो, बॅटरीपर्यंत पोचतात जेमतेम बारा. तेवढ्यावर ती भरणार कशी? समोरच्या फळीवरचा लाल दिवा अशा वेळी कधी मंद लुकलुकतो, कधी पेटतच नाही. त्याच्या साक्षीवर विसंबू नये.

परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवावे, दिवे व पंखा लावावा. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या स्टडवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर टेकवावे. बाह्या व गळपट्टा पट्ट्यापासून दूर ठेवावा, हे सांगणे नलगे. स्टडवर असे मी मुद्दाम म्हणतो; टोक थिंबलवर टेकवले तर संशयित सांधाच मोजमापातून निसटतो. मीटरने पाव व्होल्टच्या आत आकडा दाखवला तर मार्ग निर्दोष. एक-दोन व्होल्ट दिसले तर दुसरे टोक स्थिर ठेवून पहिले क्रमाक्रमाने थिंबल, तार, फ्यूज असे पुढे सरकवावे. जेथे आकडा एकदम घसरतो तेथे चोर सापडला. हीच तपासणी अल्टरनेटरचे कवच आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्येही करावी. बंद इंजिनावर मात्र हा खटाटोप व्यर्थ, कारण प्रवाहच नसेल तर घट कसली? चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची काही जुन्या मिस्त्र्यांची खोड तर सर्वथा त्याज्य. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमधले डायोड आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिने जळू शकते.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, कारण तो स्टड सदैव जिवंत असतो. काळवंडलेली तार चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावी, त्याच जाडीचा तुकडा जोडावा, नवे थिंबल यंत्राने दाबून बसवावे आणि स्टड घासून नट घट्ट आवळावा. नुसते घासून जुनेच थिंबल बसवणारा मिस्त्री महिन्याभरात पुन्हा भेटतो. स्टडच आतून हलत असेल तर अल्टरनेटर उघडणे भाग आहे. मग मीटर पुन्हा लावून पाहावे, आणि जुनी बॅटरी एकदा बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्यावी. पुष्कळदा ती अजून धडधाकट असते.