सेविका सावित्रीबाई



व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे, अशी रीत आहे. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. जे काही वाचले, ते युनियनच्या कचेरीत रात्री बसून. त्यातून जेवढे उमजले, तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ सालची भिडेवाड्यातली शाळा आठवते, अंगावर झेललेले शेणगोळे आठवतात. ते आठवावेच. परंतु त्या शिक्षिकेच्या ठायी एक पत्नी, एक आई आणि दुसऱ्याच्या दुःखाला धावून जाणारी एक बाई होती. तिच्याविषयी आज बोलावे, असे आम्हांला वाटते.

१८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षे संसार झाला, पण पोटी मूल नव्हते. १८६३ साली या जोडप्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मुलाचा जीव घेऊ नये, अशी ती सोय. या बायकांची उस्तवार कोणी करायची? सावित्रीबाईंनी! तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. विधवेचे पोर म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक कचरत होते. ज्ञानोबा ससाणे यांनी आपली लेक दिली आणि १८८९ साली लग्न झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. नवरा गेला की बाईने कोपरा धरावा, असा तो काळ. या बाई मात्र सत्यशोधक समाजाचे काम पुढे ओढीत राहिल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्यांनी यशवंतरावांना लष्करी नोकरीतून बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडवला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी पडला, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. वय सहासष्ट! मुलगा वाचला, बाईंना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभारणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे महिनाभर आधीच, ९ फेब्रुवारीला, मुंबईत त्याच रोगाने गेले होते. आमची चळवळ आणि सावित्रीबाईंची सेवा यांचे नाते असे जुने आहे.

अणदूरला ही सेवा परकी नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. थोडे शिकलेली बाईही आपल्या गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे त्या बायकांनी दाखवून दिले.

आता एक गोष्ट रोखठोक बोलतो. २००५ साली देशात ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशाताई आल्या. त्यांना 'स्वयंसेविका' म्हणतात. कोरोनात त्या दारोदार फिरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण पगार? तो नाही; मानधन आणि कामागणिक मोबदला. त्यासाठीही पुन्हा पुन्हा संप करावे लागले.

सावित्रीबाईंनी दिले ते आपल्या मर्जीने दिले, त्यांच्याकडून कोणी हजेरी मागितली नाही. जेथे काम नेमून दिले जाते, नोंदवह्या तपासल्या जातात, उशीर झाला तर जाब विचारला जातो, तेथे ती नोकरी आहे आणि नोकरीला वेतन पाहिजे. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि त्यांच्या लेकींना 'सेवा' म्हणून अर्ध्या दामात राबवायचे, हा त्या माउलीचा मान नव्हे.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. उद्या आशाताई दारात आल्या, की त्यांना पाणी द्या, बसायला द्या आणि विचारा : "ताई, मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का?" नाही म्हणाल्या, तर त्यांच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत चालत जा.