मोठ्या कारभारातील लहान तुकड्या

'चपळ' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? हरीण येईल, मांजर येईल, खो-खोच्या मैदानावर खांबाला हात लावून वळणारा खेळाडू येईल. हत्ती मात्र खचित येणार नाही. आणि गंमत अशी की, गेली काही वर्षे जगातल्या मोठमोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी खाती आपापल्या हत्तीला चपळ करण्याच्या उद्योगाला लागली आहेत. त्यांच्या परिभाषेत या पद्धतीला 'अ‍ॅजाइल' म्हणतात. पुण्याच्या हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणारा मुलगा, सून किंवा भाची आपल्या घरात असेल, तर 'स्क्रम', 'स्प्रिंट' हे शब्द जेवताना देखील आपल्या कानांवर पडले असतील. हा प्रकार काय आहे, आणि तो मोठ्या कारभाराला मानवतो की नाही, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ कल्पना समजावून घेऊ. चांगला शिंपी कोट शिवताना काय करतो? माप घेतो, कापड बेततो. पण एकदम पक्की शिलाई मारीत नाही. कच्चे टाके घालून तो कोट आपल्या अंगावर चढवून बघतो. खांद्यावर दाटतो का, बाही आखूड झाली का, हे तेव्हाच कळते आणि तेव्हाच दुरुस्त होते. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींची जुनी रीत याच्या उलट होती. वर्ष-दोन वर्षे मागण्या लिहून काढायच्या, मग आराखडे, मग लेखन, मग तपासणी. ग्राहकाच्या अंगावर कोट चढायचा तो एकदम शेवटी. आणि तोपर्यंत ग्राहकाची अंगयष्टी बदललेली!

या रीतीला कंटाळलेले 17 जण फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा संस्थानात, स्नोबर्ड नावाच्या डोंगरातल्या ठिकाणी जमले आणि त्यांनी एक छोटेसे जाहीरपत्र काढले. त्याचा मथितार्थ असा : कागदपत्रांपेक्षा चालते काम मोलाचे, करारातल्या कलमांपेक्षा ग्राहकाचा सहवास मोलाचा, आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, आणि पद्धती व अवजारांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. यातली 'स्क्रम' ही रीत त्याहून थोडी जुनी. हा शब्द मूळचा रग्बीच्या खेळातला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 1986 साली नवा माल घडविणाऱ्या तुकड्यांना ती उपमा दिली आणि पुढे जेफ सदरलंड व केन श्वेबर यांनी 1995 साली ती संगणकाच्या कामासाठी मांडून दाखविली.

रीत साधी आहे. सात-आठ माणसांची तुकडी. दोन आठवड्यांचा एक पल्ला. पल्ल्याच्या आरंभी काय करावयाचे ते तुकडीनेच ठरवायचे, शेवटी चालते काम ग्राहकापुढे ठेवायचे, आणि मग कुठे चुकले याचा आपसात विचार करायचा. रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक. बैठक म्हणायची खरी, पण सगळे उभे असतात, म्हणजे बोलणे लांबत नाही!

लहान तुकडीत हे छान चालते. अडचण येते ती पुढे. एका तुकडीचे ठीक, पण शंभर तुकड्यांचे काय?

इथे थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, सोपे आहे. सात माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? 21. सत्तर माणसांत? 2,415. आणि सातशे माणसांत 2,44,650. माणसे दसपट झाली की बोलण्याच्या वाटा दसपट नव्हे, सुमारे शंभरपट वाढतात. अमेरिकेतील फ्रेड ब्रुक्स यांनी आय. बी. एम. कंपनीच्या '360' या संगणक-मालिकेच्या प्रचंड कामाची धुरा वाहिली होती. त्या अनुभवावर त्यांनी 1975 साली पुस्तक लिहिले आणि त्यात एक कटू सत्य सांगितले : उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली, तर ते आणखी लांबते. कारण नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो आणि बोलण्याच्या वाटाही वाढतात.

मग यावर उपाय निघाले. 2011 साली डीन लेफिंगवेल यांनी 'सेफ' नावाची एक भली मोठी चौकट मांडली. तीत 50 ते 125 माणसांची एक 'आगगाडी' कल्पिली आहे. या गाडीतल्या साऱ्या तुकड्या दोन-तीन महिन्यांतून एकदा दोन दिवस एकत्र बसतात आणि कोणाचे काम कोणावर अडते ते भिंतीवर मांडतात. क्रेग लारमन आणि बास व्होडे यांनी याच्या उलट वाट धरली. त्यांचे म्हणणे, नवी पदे नि नव्या सभा वाढवू नका; एका मालासाठी कामांची एकच यादी ठेवा, एकच मालक ठेवा, आणि दोन ते आठ तुकड्या तिच्यावर लावा. 2012 साली स्वीडनच्या स्पॉटिफाय या संगीत-कंपनीची व्यवस्था वर्णन करणारा एक लेख निघाला आणि साऱ्या जगाने तिची नक्कल सुरू केली. 2015 मध्ये नेदरलँड्समधील आय. एन. जी. बँकेने मुख्य कचेरीतील सुमारे साडेतीन हजार माणसांची जुनी खाती मोडून नऊ-नऊ जणांच्या तुकड्या केल्या.

आता आपण विचाराल, "हे सगळं ठीक, पण फळ काय मिळालं?" दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही सरकारी आहेत, आणि म्हणूनच त्यांची तपासणी लेखी झालेली आहे.

पहिले अमेरिकेच्या एफ. बी. आय. या तपास खात्याचे. गुन्ह्यांच्या कागदी फायली संगणकावर आणण्याचा त्यांचा एक प्रयत्न 2005 साली, सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून, सोडून द्यावा लागला. 2006 साली 'सेंटिनल' नावाचे नवे काम एका मोठ्या कंत्राटदाराकडे दिले. डिसेंबर 2009 मध्ये ते पुरे व्हावयाचे होते. 2010 चा ऑगस्ट उजाडला तेव्हा 40 कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला होता आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा खात्याने काम आपल्या हाती घेतले, माणसे वाढविण्याऐवजी कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांचे पल्ले आखले. हेही म्हटल्याप्रमाणे वर्षभरात झाले नाही. वेळ वाढवून घ्यावी लागली. परंतु जुलै 2012 मध्ये ती व्यवस्था सर्व कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली.

दुसरे ब्रिटनचे. सहा वेगवेगळी सरकारी साहाय्ये एकत्र करणारी 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही योजना. तिथल्या खात्याने आम्ही नव्या पद्धतीने काम करणार असे सांगितले. पण कंत्राटे जुन्या धर्तीची, मंजुऱ्या जुन्या धर्तीच्या, देखरेखीची पद्धतही जुनीच. 2013 च्या आरंभी काम थांबवून नव्याने मांडावे लागले. त्या सप्टेंबरात तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, 3 कोटी 40 लाख पौंडांचे संगणकीय काम निकालात काढावे लागले आहे. नाव नवे, कारभार जुना. मग दुसरे काय होणार? पुढे एका लहान तुकडीने ती व्यवस्था नव्याने बांधावयास घेतली, 2014 च्या अखेरीस एका छोट्या भागात चालवून पाहिली, आणि मगच ती पायरीपायरीने देशभर नेली.

या दोन कथांतून काय घ्यावयाचे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, काम कापावे कसे. मेल्विन कॉनवे यांनी 1968 सालीच लिहून ठेवले आहे की, संस्थेत माणसे जशी विभागलेली असतात तशीच तिने घडविलेली वस्तू विभागलेली निघते. एक तुकडी फक्त पडदा रंगवणार, दुसरी फक्त कोठार सांभाळणार, तिसरी फक्त तपासणार, असे तुकडे पाडले, तर प्रत्येक गोष्टीसाठी तिघींची सभा अटळ. उलट, एका ग्राहकाचे एक काम आरंभापासून शेवटपर्यंत एकाच तुकडीला दिले, तर त्या सभेची गरजच उरत नाही. म्हणून शंभर तुकड्यांच्या सभा कशा भरवाव्यात, हा खरा प्रश्न नव्हे. त्या सभा कशा टळतील, हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट, निर्णय कुणी घ्यावा. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका मोठ्या कंपनीत आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, पूर्वी साहेब आठवड्यातून एकदा विचारायचे, काम कुठवर आलं? आता रोज सकाळी विचारतात, आणि त्याला चपळाई म्हणतात!" मी विचारले, "आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता ना?" तो हसला. ठरवणारे वर होते, उभे राहणारे खाली. तिथे आणखी एक गोष्ट घडली होती. तुकडीने स्वतःच्या अंदाजासाठी प्रत्येक कामाला काही गुण द्यावयाचे असतात. वरिष्ठांनी ते गुण घेऊन तुकड्यातुकड्यांची तुलना मांडली. लगेच साऱ्यांनी सोप्या कामालाही जास्त गुण लावावयास सुरुवात केली. गुण फुगले, काम तेवढेच राहिले. आम्हा परीक्षा घेणाऱ्यांना हे दुखणे काही नवे नाही!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : खालच्या माणसाला 'थांबा' म्हणता येते का? जपानमधील टोयोटा कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. दोष दिसला की त्याने ती ओढायची. मुकादम धावत यायचा, आणि दोष निघाला नाही तर सारी रांग थांबायची. हे परदेशी वाटले, तर आपल्या आळंदीच्या पालखी सोहळ्याकडे पाहा. लाखो माणसे, पण ती दिंड्यादिंड्यांत विभागलेली. दिंडीची जागा ठरलेली, वेळापत्रक सर्वांचे एक. मात्र आपल्या मंडळींच्या जेवणाची, राहुटीची व्यवस्था जिची तिने पाहावयाची. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, आणि त्यानंतरच आरतीला सुरुवात होते. वारी म्हणजे काही कारखाना नव्हे, हे मला कळते. तरीही एवढ्या मोठ्या समुदायात एका लहान घटकाच्या तक्रारीसाठी सर्वांनी थांबावे, ही तिची रीत कोणत्याही संचालक मंडळाने अभ्यासावी अशी आहे.

आज आपल्याकडची हजारो तरुण मुले-मुली या तुकड्यांतून काम करीत आहेत. त्यांच्या दिवसाचा कस, त्यांची झोप, आपले काम आपण करतो आहोत हे त्यांचे समाधान, सारे या एका प्रश्नावर अवलंबून आहे : त्यांना तुकडीचे नुसते नाव मिळाले आहे, की तुकडीचा अधिकारही मिळाला आहे? अधिकार न देता सभा दिल्या, तर तो जुनाच हिशेबनीस नव्या अंगरख्यात आला असे समजावे.

आणि हे केवळ संगणकवाल्यांपुरते नाही. आपण शाळा चालवीत असाल, सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर असाल, किंवा एखाद्या कचेरीत चार माणसे आपल्या हाताखाली असतील, तर उद्या कामावर गेल्यावर एक गोष्ट करून पाहा. नवी पद्धत आणू नका, नवा तक्ता भिंतीवर लावू नका. सर्वांत कनिष्ठ माणसाला एवढेच विचारा, "तुम्हाला चूक दिसली, तर काम थांबवता येतं का? आणि थांबवलंत, तर तुमच्याकडे कोण येतं?" उत्तर देण्यापूर्वी तो दाराकडे पाहू लागला, तर सुधारणा कुठून सुरू करावयाची, हे आपल्याला कळेल.