स्टोव्हची पिन

(महिला दिनाच्या कार्यक्रमात मुलुंड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, 'यंत्रांनी वाचवलेली बाईची कामं'. विषय ऐकल्यावर प्रथम मिक्सर, वॉशिंग मशीन डोळ्यांपुढे येतात. पण आज मी स्वयंपाकाबद्दल किंवा धुण्याबद्दल बोलणार नाही. त्यांच्या मागे आणखी एक काम असायचं, वस्तू चालत्या ठेवण्याचं. कंदिलाची काच राखेने पुसायची, वात सरळ कातरायची. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली येईपर्यंत थांबायचं आणि तिच्याकडून त्याला टाकी लावून घ्यायची. पितळी भांड्यांची कल्हई उडाली का यावर लक्ष ठेवायचं, नाहीतर आमटी कळकायची आणि बोलणी बाईने खायची. कल्हईवाल्याला निदान कथील-नवसागराचे आणि मजुरीचे पैसे मिळत. घरातल्या देखभालीला काम असं नावच नव्हतं, मग मोल कुठून असणार!

या सगळ्यांत मला चांगलं ठाऊक असलेलं काम म्हणजे स्टोव्हचं. माझं बालपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. घरात पितळी पंपाचा स्टोव्ह होता. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसच्या जातीचा. समोर बसलेल्या तरुण मुलींनी तो पेटवलेला पाहिलाही नसेल, म्हणून सांगते.

रॉकेल गाळून टाकीत भरायचं, पण काठोकाठ नाही, वर हवेला जागा हवी. मग काकडा. म्हणजे तारेला चिंधी गुंडाळलेली, ती रॉकेलमध्ये बुडवून पेटवायची आणि बर्नरला अडकवायची. बर्नर पुरता तापला की हवेचा स्क्रू आवळायचा आणि पंप मारायचा. तापायच्या आधी घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही, ते पातळच वर उसळतं आणि पिवळा भडका उडतो. नीट पेटला तर निळी ज्योत, आणि तो आवाज! सकाळी पाच वाजता चाळीतल्या प्रत्येक खोलीतून तो आवाज येई.

मग मध्येच ज्योत एका बाजूला झुकायची. निपलच्या भोकात काजळी अडकलेली असे. पत्र्याच्या पट्टीला केसासारखी बारीक तार लावलेली पिन मिळायची, ती त्या भोकात घालायची. ती तुटायची, वाकायची, ऐन वेळी सापडायची नाही. पंपाचं चामड्याचं वॉशर सुकलं की हवा धरायचं नाही, ते काढून तेलात भिजवायचं. बर्नर उकलायचा, काजळी झाडायची, पितळ चिंचेने घासायचं. हे सगळं आई करायची. वडील रेडिओ उघडत, सायकल उघडत, त्याला 'दुरुस्ती' म्हणत. आई आठवड्यातून एकदा स्टोव्ह उघडून पुन्हा जुळवायची, त्याला म्हणायचे 'स्टोव्ह पुसला'.

पुढे वातींचे स्टोव्ह आले. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने तयार केलेला 'नूतन' अनेक घरांत होता. पंप आणि पिन गेली, पण वाती ओढायच्या, कातरायच्या आणि पातेल्यांची बुडं घासायची हे राहिलंच. गॅस मुंबईत १९५५ साली 'बर्शेन' या नावाने आला होता. म्हणजे माहुलच्या रिफायनरीपासून आमची चाळ काही मैलांवर, पण आमच्याकडे गॅस यायला तीस वर्षं लागली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. लग्नाच्या बोलणीत स्कूटरबरोबर गॅसही मागितला जाई, हे मी या कानांनी ऐकलं आहे. आणि कनेक्शन घेतलं की ते घरातल्या पुरुषाच्या नावावर!

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगते.

१९८१ साली आमच्या समोरच्या चाळीतली एक नवी सून भाजून गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. माहेरून काय आणलं नाही याची यादी आम्हाला भिंतीतून ऐकू येत असे. त्या दुपारी आरडाओरडा झाला, लोक धावले, तिला घोंगडीत गुंडाळून नेलं. सासू म्हणाली, "स्टोव्हचा भडका उडाला." पोलीस आले, पंचनामा झाला. पंच म्हणून चाळीतले दोन पुरुष घेतले. दोघांनीही जन्मात स्टोव्ह पेटवलेला नव्हता.

मी आणि आई दारात उभ्या होतो. आईने स्वयंपाकघरात नुसती नजर टाकली. स्टोव्ह ओट्यावर जागच्या जागी उभा होता. मागच्या चुन्याच्या भिंतीवर काजळीचा एक ओरखडा नव्हता. काकडा खिळ्याला टांगलेला, कोरडा. चूल, म्हणजे स्टोव्हवर, भांडंसुद्धा नाही. आई माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, हा स्टोव्ह आज दुपारी पेटलेलाच नाही."

मी म्हटलं, साहेबांना सांग. ती पुढे झाली, "साहेब, जरा ऐकता का?" ते म्हणाले, "आजी, बाजूला व्हा." आई तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. कागदावर आलं, 'स्टोव्हचा भडका उडून अपघाती मृत्यू'. मुलीने मरण्यापूर्वी तसंच सांगितलं होतं, असंही कळलं. तिला सात-आठ महिन्यांचा मुलगा होता, आणि उशाशी नवरा उभा होता.

मला माफ करा, चाळीस वर्षं उलटली तरी हे सांगताना आवाज बसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्टोव्हचे अपघात खरेच होत. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, नायलॉनचा पदर, तापलेल्या स्टोव्हमध्ये ओतलेलं रॉकेल, यांनी बायका भाजल्या, मेल्या. प्रत्येक भाजलेली बाई जाळलेली होती असं मी म्हणत नाही. पण दोन्हींतला फरक ओळखता येत होता. आणि तो ओळखणारी माणसं प्रत्येक चाळीत पंधरा-वीस होती. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना जे येत होतं ते ज्ञान आहे असं कुणाच्या, खुद्द त्यांच्याही, मनात नव्हतं. उलट त्या कामाचा उपयोग बाईवर ठपका ठेवायला झाला. हिनेच पिन नीट मारली नाही, हिनेच हवा जास्त भरली, हीच वेंधळी!

पुढे मोर्चे निघाले, कायदे बदलले. १९८३ साली ४९८-अ आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन बंधनकारक झालं. १९८६ साली हुंडाबळीचं वेगळं कलम, ३०४-ब, आलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच कलमं ८५ आणि ८० या आकड्यांनी आहेत, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं, तक्रार लिहिताना गोंधळ होतो. आमच्या छोट्या गटात आम्ही मात्र आईकडून एक प्रश्नावली करून घेतली होती. स्टोव्ह पंपाचा की वातीचा? टाकी फुटली आहे की शाबूत? रॉकेल किती उरलंय? हवेचा स्क्रू उघडा की बंद? काकडा कुठे होता? त्या वेळी स्वयंपाकाची वेळ होती का? भेटीला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्यायचो. सातवी शिकलेल्या बाईने सांगितलेले प्रश्न, पण वकीलसुद्धा ते उतरवून घेत.

आज पिन गेली, काकडा गेला. अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींत पाइपाने गॅस येतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कनेक्शन बाईच्याच नावाने मिळतं, ही चांगली गोष्ट. मला त्या स्टोव्हची अजिबात आठवण येत नाही, माझ्या छातीत त्याचा धूर पुष्कळ गेलाय. जुन्या कामांचं कौतुक करणाऱ्यांनी आठवडाभर वॉशर भिजवून बघावं.

पण भाजलेली बाई इस्पितळात येणं थांबलेलं नाही. आता भडका गॅसचा असतो. आणि आपल्यातल्या किती जणींना शेगडीची माहिती आहे? रबरी नळीवर छापलेली तारीख वाचली आहे का? ती पाच वर्षांनी बदलायची असते. गळती झाली तर वास कुठे साचतो? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत बसतो. पाइपाचा हलका, वर चढतो. घरात कुणी सांगितलं की गॅस गळला, तर कुठली चावी उघडी होती, रेग्युलेटर कोणी बंद केला, काडी कोणी ओढली, हे विचारायला आपल्याला सुचायला हवं. देखभालीचं काम आता माणूस येऊन करतो, आपण फक्त सही करतो. त्याच्या शेजारी उभं राहून बघायला काय हरकत आहे?

मागच्या टेबलावर आईचा स्टोव्ह आणून ठेवलाय. रॉकेल नाही, घाबरू नका. चहा होईपर्यंत तरुण मुलींनी या, बर्नर उकलून दाखवते. पिनचं पाकीटही आहे, त्यात दोन उरल्यात.