दुसऱ्या खुर्चीची प्रतिष्ठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा संपादित भाग)



नेतृत्वाची चर्चा बहुधा वक्तृत्व, धडाडी आणि त्याग या गुणांभोवती फिरते. परंतु या गुणांच्या अभावी संस्था क्वचितच मोडतात. बरोबरीच्या माणसांना एकमेकांशी नांदता येत नाही, म्हणून त्या मोडतात. या दृष्टीने प्रवरानगरचा इतिहास पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा कालव्याच्या पट्ट्यात ऊस शेतकऱ्याच्या रानात पिके. साखरेचा नफा मात्र खासगी कारखानदाराच्या पेढीत जाई. ही स्थिती बदलण्यासाठी दोन अगदी भिन्न माणसे एकत्र आली. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण जेमतेम झालेले. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९५० साली सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा गाडगीळ अध्यक्ष होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष.

ही विभागणी शोभेची नव्हती. गावोगाव हिंडून भागभांडवल उभे केले ते विखे पाटलांनी; शेतकऱ्याने पैसा काढला तो त्यांच्या शब्दावर. तरीही पहिल्या खुर्चीचा हट्ट त्यांनी धरला नाही. गाडगिळांचे वजन सरकारदरबारी आणि वित्तसंस्थांपुढे उपयोगी पडे. पण त्या बळावर त्यांनी गावातील नेतृत्व आपल्याकडे ओढले नाही. पुढे अध्यक्षपद विखे पाटलांकडे आले. विद्वत्तेने लोकानुभवाला आणि लोकप्रियतेने विद्वत्तेला दिलेला हा मान होता.

मात्र केवळ सलोख्यावर संस्था चालत नाही. सहकारात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच असते. उसाच्या बिलातून ठेव कापून घेण्याची प्रथा सहकारी कारखान्यांत पुढे रूढ झाली. आपल्या हक्काचा पैसा शेतकऱ्याने मागे ठेवावा, तर हिशेब त्याला कळला पाहिजे आणि भर सभेत अध्यक्षाला प्रश्न विचारण्याची त्याला मुभा हवी. विश्वास हा भावनेचा विषय खराच, पण त्याचा पाया हिशेबाच्या वहीत असतो.

नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि काही खासगी मालकीत गेले. दुष्काळ आणि साखरेचे पडते भाव ही कारणे होतीच. परंतु जेथे अध्यक्षपद घराण्याची मिरास झाले आणि प्रश्न विचारणारा सभासद शत्रू ठरला, तेथे संकटाची सूचना वेळीच देणारा कोणी उरला नाही.

यातून कार्यकर्त्याने घ्यावयाचा धडा साधा आहे. मतभेद बैठकीतच, तोंडावर मांडावा. निर्णय झाल्यावर तो पाळावा. सहकाऱ्याचे श्रेय त्याच्या गैरहजेरीतही त्यालाच द्यावे. आणि आपली खुर्ची उद्या कोण सांभाळील, याची तजवीज आजच करावी. ज्याला दुसऱ्या खुर्चीवर बसून काम करता येत नाही, त्याच्या हाती पहिली खुर्ची सोपविणे संस्थेला परवडत नाही.