रात्रीची मैफल आणि रसिकांची दाद

संगीताचा उत्सव आटोपून मंडळी घरोघर परतूं लागली, म्हणजे एका वादास हटकून तोंड फुटतें. शेवटीं बसलेल्या गवयाची मैफल रंगली कीं पडली? एक गृहस्थ म्हणतात, मध्यरात्र उलटून गेली तरी बैठक हलली नाहीं, यापरतें दुसरें प्रमाण काय पाहिजे? दुसरे म्हणतात, बैठक हलली नाहीं हें खरें, पण ती निम्मी झाली होती आणि उरलेल्यांतले कित्येक पहाटेच्या पहिल्या एस्. टी. ची वाट पाहत बसले होते. तिसऱ्यांचें म्हणणें असें कीं, टाळ्या गाण्यास पडल्याच नाहींत. त्या तबल्याच्या तिहाईस पडल्या, आणि गवई मात्र त्या आपल्याच समजून लय वाढवीत गेला. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील रसिकांस हा वाद नवा नाहीं. वरवर पाहतां हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. परंतु त्याच्या पोटांत तीन गंभीर प्रश्न दडलेले आहेत. दाद म्हणजे काय, ती देण्याचा अधिकार कोणाचा, आणि रात्रीचें गाणें यापुढें टिकावयाचें कीं नाहीं?

या प्रांतास कलेसाठीं रात्र जागविण्याची सवय फार दिवसांची आहे. सांगलीचे अधिपति चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मोजण्याचा प्रघात पडला. पुढें सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९९ सालीं ‘शारदा’ आणि सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं १९११ सालीं ‘मानापमान’ रंगभूमीस दिलें. त्या काळीं संगीत नाटक रात्रीं सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. नाटक इतकें लांबण्याचें एक कारण स्वतः प्रेक्षकच होते. एखादें पद आवडलें कीं ‘वन्स मोअर’चा गजर होई, आणि नटास तेंच पद पुन्हां, कधीं तिसऱ्यांदाही म्हणावें लागे.

या ‘वन्स मोअर’वर तेव्हांही दोन पक्ष होते. पहिला पक्ष म्हणे, नटाला ईश्वरानें गळा दिला आणि प्रेक्षकानें तिकिटाचे पैसे दिले. मग आवडलेली गोष्ट दोनदां मागण्यांत गैर तें काय? दुसरा पक्ष म्हणे, विरहानें व्याकुळ झालेल्या नायिकेनें प्रेक्षकांच्या आग्रहावरून तोच विरह पुन्हां पहिल्यापासून आळवावा, यांत रसाची हानि होते आणि कथानक जागच्या जागीं खिळून राहतें. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. पहिल्या पक्षाच्या उत्साहानें नाट्यसंगीत घरोघर पोहोंचलें, हें कोणालाही नाकारतां येणार नाहीं. दुसऱ्या पक्षाची भीतिही खोटी ठरली नाहीं. पदांच्या पसाऱ्याखालीं नाटक गुदमरूं लागलें, तेव्हां त्याच रंगभूमीला आपलीं पदें कमी करावीं लागलीं.

सांगलीहून मिरज हांकेच्या अंतरावर आहे. सतार आणि तंबोरा यांच्या निर्मितीबद्दल या गांवाची कीर्ति इतकी कीं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते येथेंच. आणि किराणा घराण्याचे अध्वर्यु खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं आपलें बिऱ्हाड केलें तेंही येथेंच. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत दक्षिणेकडे प्रवासांत असतां खांसाहेबांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांची माती मिरजेसच आणण्यांत आली. मिरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या निमित्तानें खांसाहेबांच्या स्मरणार्थ गवई-वादकांनीं हजेरी लावण्याची परंपरा तेव्हांपासूनची आहे. सातारा जिल्ह्यांत औंधास अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ १९४० सालीं संगीतोत्सव सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनीं तो पुढें चालविला. या दोन्ही ठिकाणीं गवई सेवा म्हणून गातो आणि श्रोता प्रसाद म्हणून ऐकतो. तेथें टाळीला फारसें मोल नसतें. एखाद्या जागेवर शेजारच्या जाणत्याच्या तोंडून नकळत निघालेला ‘वाः’ पुरेसा होतो.

याच मुलखानें दाद देण्याची अगदीं निराळी रीतही जोपासली आहे. लावणीकार पठ्ठे बापूराव हे वाळवे तालुक्यांतील रेठरे हरणाक्षचे, आणि ज्यांच्या विनोदानें यात्रांच्या रात्रीं हंसत्या झाल्या ती काळू-बाळूंची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. तमाशांत दाद मनांत ठेवण्याची चाल नाहीं. शिट्टी, आरोळी, उडविलेला फेटा आणि दौलतजादा, सर्व कांहीं उघड असतें. जो आवडला त्यास तत्काळ कळतें, आणि जो नावडला त्यासही तितक्याच त्वरेनें कळतें. सुशिक्षित घरांतून या गलबल्यास पुष्कळदां नांवें ठेविलीं जातात. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी असे टप्पे ओलांडून वग सुरू होईपर्यंत रात्र बरीच चढलेली असे. त्या वेळीं हाच गलबला करणारा शेतकरी कांबळें पांघरून कथा ऐकत निश्चळ बसे. आरोळी देणारा आणि स्तब्ध बसणारा, हीं एकाच श्रोत्याचीं दोन रूपें होत.

येथें त्या वादाचें मूळ सांपडतें. आपल्याकडे कार्यक्रमाची रचनाच अशी कीं, सर्वांत मोलाचें तें सर्वांत शेवटीं. मैफलींत ज्येष्ठ गवई अखेरीस बसतो. तमाशांत वग अखेरीस येतो. त्यामुळें ज्याची कला सर्वांत पक्व, त्याच्या वांट्यास श्रोते सर्वांत थोडे आणि सर्वांत थकलेले येतात. मग त्या थोड्यांची पसंती हा कलेचा कस मानावा, कीं अपवाद? जे उरले ते आवडीमुळें उरले, हें बहुतांशीं खरें. परंतु आवडीमुळें जे उरतात ते आधींच वश झालेले असतात. त्यांच्या दादेवरून गाणें चांगलें झालें असें सिद्ध होत नाहीं, फार तर त्यांची निष्ठा सिद्ध होते. उलट, जे उठून गेले ते सर्वच कंटाळून गेले असेंही नव्हे. कोणाचें मूल झोपलेलें असतें, कोणास सकाळीं कचेरी गांठावयाची असते. रिकाम्या सतरंजीवरून गवयाची परीक्षा करणें हा त्याच्यावर अन्याय होय.

हा पेंच कांहीं आपल्याच मुलखाचा नाहीं. अमेरिकेंत १९६९ च्या ऑगस्टांत वुडस्टॉक नांवाचा रॉक संगीताचा प्रचंड उत्सव झाला. लाखों तरुण जमले होते. उत्सव रविवारीं रात्रीं संपावयाचा होता. पण तो लांबत लांबत सोमवारची सकाळ उजाडली, आणि ज्याच्यासाठीं पुष्कळजण आले होते तो जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तेव्हां बहुतेक समुदाय पांगला होता. चिखलांत उरलेल्या थोड्या लोकांसमोर त्यानें गिटारीवर आपल्या देशाचें राष्ट्रगीत वाजविलें. पुढें चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांच्या द्वारें तें जगभर गेलें, आणि त्या उत्सवाची खूण म्हणून तेंच वादन लोकांच्या स्मरणांत राहिलें. समोरच्या गर्दीनें त्या सकाळीं जो निकाल दिला असता, तो काळानें मानला नाहीं.

आतां या जुन्या वादांत एक नवा पक्षकार शिरला आहे. तो म्हणजे ज्याला गाणें ऐकावयाचें नाहीं तो शेजारी. केंद्र सरकारनें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं ध्वनिवर्धक लावण्यास त्यांनीं बंदी घातली. २०१० सालीं वाद्यांचाही त्यांत समावेश झाला. वर्षांतून जास्तींत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारांस २००२ सालीं मिळाला आणि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो ग्राह्य धरला. नागरी वस्तींत रात्रींच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरलेली आहे. रुग्णालयाच्या भोंवतालीं ती याहूनही कमी, म्हणजे ४० आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून रात्रभर चालत असे. त्यालाही आपलें वेळापत्रक बदलावें लागलें.

पुष्कळ रसिकांस हा नियम कलेवरचा घाला वाटतो. परंतु मिरजेच्या माणसास तसें सहजासहजीं म्हणतां येणार नाहीं. कारण मिरज जशी तंबोऱ्याची तशीच ती रुग्णालयांची. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उभारलें, आणि तेव्हांपासून दूरदूरचे रोगी या गांवीं येत आले आहेत. शस्त्रक्रिया होऊन खाटेवर पडलेल्या माणसास मालकंस कितीही शुद्ध असला तरी तो कर्ण्यांतून नको असतो. जुन्या बैठकींचें उदाहरण देऊन नियमास दोष देणारे एक गोष्ट विसरतात. जुन्या बैठकींत कर्णा नव्हता. गवयाचा आवाज दिवाणखान्याच्या भिंतींपर्यंत जाई आणि तेथेंच थांबे. रात्रभर गाणें ही परंपरा खरी. पण रात्रभर सबंध गांवास ऐकूं जाणारें गाणें ही परंपरा नव्हे, ती यंत्राची देणगी आहे.

तथापि हानि होत आहे हेंही तितकेंच खरें. भातखंडे प्रभृति पंडितांनीं रागांच्या ज्या वेळा नमूद केल्या, त्यांत मध्यरात्रीच्या आगेंमागें दरबारी कानडा, अडाणा, मालकंस यांचें राज्य. त्यानंतर सोहनी आणि परज. आणि झुंजुमुंजू होतां ललत. गाणें दहा वाजतां थांबूं लागलें, तर हे राग ध्वनिमुद्रिकेंत उरतील, पण त्यांचा प्रहर उरणार नाहीं. ज्या पिढीनें रात्रीं दोन वाजतां समोर बसून दरबारीचा तो आंदोलित गंधार ऐकलाच नाहीं, तिला त्या रागाची वेळ हें केवळ पुस्तकांतलें कलम वाटेल. तमाशाची स्थिति तर याहून बिकट आहे. फडाला तंबू असतो, सभागृह नसतें. यात्रेंत उशिरां उभा राहिलेला फड दहाच्या ठोक्याला थांबवावा लागला, तर कापला जातो तो वग. आणि वगावांचून तमाशा म्हणजे शेंडा खुडलेलें रोप.

यावर तोड अगदींच नाहीं असें नव्हे. नियमानें बंद सभागृहांतील कार्यक्रमास मोकळीक ठेविली आहे. कलकत्त्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ पासूनची. सभागृहांत बसून तिचे रसिक आजही रात्र जागवितात. सांगली-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या संस्थांनीं वर्षांतून एक रात्र तरी बंदिस्त सभागृहांत, आवाज आंतल्या आंत राहील अशा बेतानें, खास मध्यरात्रीच्या रागांसाठीं राखून ठेवावी. एरवीं सकाळीं सहा वाजतां बैठक सुरू करून भैरव-तोडीला त्यांचा मान द्यावा. ज्येष्ठ गवयास शेवटीं बसविण्याचा हट्टही सोडण्यास हरकत नाहीं. सायंकाळीं ताज्या श्रोत्यांसमोर तो बसला तर त्याचा मान कमी होत नाहीं, आणि त्याच्या गाण्याचा निर्णय जागरणावर अवलंबून राहत नाहीं. यात्रेच्या फडालाही गांवकऱ्यांनीं दिवेलागणीस उभें राहूं दिलें, तर वग पुरा होण्यास अवकाश मिळेल.

राहिला दादेचा प्रश्न. नभोवाणीचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. ध्वनिक्षेपक-गृहांत गवयासमोर कोणीही नसतें. टाळी नाहीं, मान डोलत नाहीं, उठून जाणाऱ्याची पाऊलेंही वाजत नाहींत. तरी या खोलींतून उत्तम गाणीं झालीं, आणि घरोघर हजारों लोकांनीं तीं कान देऊन ऐकिलीं. म्हणजे दादेवांचून गाणें अशक्य आहे असें नव्हे. परंतु त्याच आकाशवाणीला १९५४ सालापासून आपलें संगीत संमेलन निमंत्रित श्रोत्यांसमोर भरवावेंसें वाटलें, हेंही विसरतां येत नाहीं. एकट्या भिंतींस गाऊन दाखविण्यांत गवयाचें कांहींतरी उणें राहतें. तें समोरच्या माणसाच्या मुद्रेवरच भरून निघतें.

तेव्हां उत्सवाहून परततांना जो वाद होतो तो व्हावाच. ज्या गांवीं गाण्यावर भांडणें होत नाहींत तेथें गाण्याची गोडीही नसते. मात्र भांडणाऱ्यांनीं टाळ्या किती पडल्या आणि माणसें किती उरलीं हीं मापें बाजूला ठेवावीं. गवयानें रागाचें कोणतें अंग त्या रात्रीं उजळलें, कोठें तो श्रोत्यांच्या मोहानें लयीच्या मागें धांवला, आणि कोठें टाळीची वाट न पाहतां एका स्वरावर स्थिर राहिला, एवढें ज्याला सांगतां येईल त्याचेंच मत त्या वादांत धरावें; मग तो पहाटेपर्यंत बसलेला असो, कीं मूल कडेवर घेऊन अकराला उठलेला असो.