घड्याळाखालचा कोनाडा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाऊसमध्ये भरवलेल्या सभासदांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, ‘सर, चित्रं निवडलीत तुम्ही, तर दोन शब्दही तुम्हीच बोला.’ दोन शब्दांत माझं भागत नाही हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. पण आज मी चित्रकलेवर व्याख्यान देणार नाही. ‘निवड’ या शब्दाचा मला जो एक अनुभव आला, तो सांगणार आहे. त्यातले एक गृहस्थ याच हॉलमध्ये बसले आहेत. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे. तेव्हा मी त्यांना नुसतं ‘सी विंगमधले काका’ म्हणणार. कोण ते ओळखायचं असेल तर माझ्याकडे बघू नका, त्यांच्याकडेही बघू नका.

गोष्ट २०१३ सालची. त्या वर्षी व्ही.टी.च्या इमारतीला १२५ वर्षं झाली. सीएसएमटी म्हणायला हवं, माझी नात दर वेळी दुरुस्त करते, पण जिभेला जुनं वळण आहे. १९९६ साली स्टेशनला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला, आणि आमच्या डोंबिवलीच्या गाडीतले लोक अजून ‘व्हीटी फास्ट आहे का?’ असंच विचारतात.

तर त्या निमित्ताने आपल्या भागातल्या काही हौशी मंडळींनी चित्रप्रदर्शन भरवलं. विषय एकच, व्ही.टी. ज्या गाड्यांनी आपण आयुष्यभर गेलो-आलो, त्या जिथे थांबतात ती इमारत. चित्रं कोणीही द्यायची, त्यातून परीक्षकांनी निवडायची आणि निवडलेली तेवढीच लावायची. परीक्षक तिघे होते. एक व्यावसायिक चित्रकार, एक आर्किटेक्ट आणि तिसरा मी, म्हणजे फोर्टातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मला का घेतलं असं विचाराल, तर मी जे.जे.त शिकलो होतो, आणि जे.जे. व्ही.टी.पासून चालत पाच-सात मिनिटांवर.

हा संबंध नुसता शेजाराचा नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. काम सुरू झालं १८७८ साली आणि संपलं १८८८ साली, दहा वर्षं. खर्च सुमारे १६ लाख रुपये. त्यांच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. आणि दगडात जी नक्षी तुम्ही बघता, मोर, माकडं, पानं, वेली, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी, त्यातली बरीचशी जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातची. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे शिकवत होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे ते हेच. म्हणजे आपण जिला ‘इंग्रजांची इमारत’ म्हणतो, तिच्या अंगावरचे दागिने बऱ्याच अंशी मुंबईतल्या पोरांनी घडवलेत. दर्शनी भागावर गोल चौकटींत जे चेहरे आहेत, त्यांत आपले नाना शंकरशेट आहेत आणि जमशेटजी जीजीभॉयही आहेत. किती जणांनी पाहिलेत? हात वर करू नका, मीही पन्नाशीनंतर पाहिले.

आणखी एक गंमत. ही इमारत उभी राहण्याआधी तिचं चित्र झालं होतं. अॅक्सेल हेग नावाच्या चित्रकाराने स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून जलरंगात ती रंगवली. जी इमारत अजून नाही, तिच्यावर ऊन कसं पडेल हे त्याने ठरवलं. म्हणजे व्ही.टी.चं पहिलं चित्र कोणी ती बघून काढलेलं नाही. पुढची सगळी चित्रं मात्र बघून काढायला हवीत, असं आपण धरून चालतो.

तर आम्ही तिघे एका शाळेच्या वर्गात बसलो. बाकांवर चित्रं मांडलेली, नावं झाकलेली, वर फक्त क्रमांक. आली होती शंभराच्या वर, भिंती पुरणार होत्या चाळिसांना. पहिली फेरी भराभर झाली. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ असे तीन ढीग. तुम्हाला खोटं वाटेल, पण निम्म्याहून जास्त चित्रं एकाच फोटोवरून काढलेली होती. तोच कोन, तीच डबलडेकर बस, बसच्या पुढे तीच टॅक्सी. एका लहान मुलीने घुमटावरच्या बाईच्या हातात मशालीऐवजी कुल्फी दिली होती. ते चित्र मी पहिल्या मिनिटाला ‘हो’मध्ये टाकलं आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

‘बघू’च्या ढिगात एक जलरंग होतं. क्रमांक ४१. संध्याकाळची वेळ, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभं राहून पाहिलेली व्ही.टी. दर्शनी भाग पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरतं ऊन त्याच्या तोंडावर पडतं. दगडाचा तो पिवळट रंग फार सुरेख उतरला होता. खाली माणसं नुसत्या ठिपक्यांची, पण सगळी पळणारी. आर्किटेक्ट म्हणाले, घुमटाच्या कडा बरोबर आहेत. चित्रकार म्हणाले, हात तयार आहे. आणि मी म्हणालो, ‘पण हे अपुरं आहे.’

मोठ्या घड्याळाच्या बरोबर खाली, दगडी छत्रीच्या आत, कागद पांढराच सोडलेला होता. कोरा. आजूबाजूला एकेक कंगोरा काढलाय आणि मध्ये, सगळ्यांची नजर जाते तिथे, काहीच नाही. मी म्हणालो, इथे पुतळा असणार, याला माणसाची आकृती जमत नसणार, म्हणून सोडून दिलंय. शाळेत मुलं हात काढता येत नाहीत म्हणून ते खिशात घालतात ना, तसंच हे. बाकीचे दोघे हसले. माझं म्हणणं मास्तरी थाटाचं आणि ठाम होतं. क्रमांक ४१ ‘नाही’च्या ढिगात गेलं.

यादी लागली. त्यानंतर आठवड्याभराने, इथे खाली आपल्या लिफ्टपाशी सी विंगमधले काका भेटले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मी म्हटलं, ‘काय आणलंत?’ ते म्हणाले, ‘आणलं नाही, परत आणलं.’ बास. लिफ्ट आली, आम्ही दोघे आत, तिसऱ्या मजल्यापर्यंत पंखा तेवढा बोलला.

काका रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. त्याच आवारात त्यांनी तीसेक वर्षं काढली. चित्रं काढतात हे मला ठाऊकच नव्हतं. एका इमारतीत राहून! त्यांच्या गळक्या नळाची तक्रार मला माहीत होती, त्यांच्या मुलाची बदली माहीत होती. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. टँकरच्या पैशांवरून झालेली ती सभा आठवते? आम्ही एकाच बाजूला होतो, पण बसलो दोन टोकांना. माझ्या बायकोने वहिनींना तिळगूळ दिला, त्यांनीही दिला. आम्ही दोघांनी मात्र एकमेकांना नुसती मान हलवली.

शेवटी एकदा गेटपाशी त्यांनीच मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, ‘सर, चित्र नाकारलंत त्याचं काही नाही. पण कारण मला कळलं. एकदा घड्याळाखाली बघून या.’

दुसऱ्याच दिवशी गेलो. साडेचारच्या सुमाराला, काका जिथे उभे राहिले असणार तिथे, पालिकेच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. वर बघितलं. घड्याळ. घड्याळाखाली दगडी छत्री. छत्रीखाली कोनाडा. कोनाड्यात कोणी नाही.

तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला. जागा तशीच राहिली, रिकामी. आता गंमत ऐका. ३१ वर्षं मी त्या स्टेशनातून बाहेर पडलो. रोज दोनदा, सुट्ट्या वजा जाता हिशेब केला तर चौदा हजारांच्या आसपास खेपा होतात. जे.जे.त असताना तिथे बसून मोर काढले, माकडं काढली, फाटकावरचे सिंह आणि वाघ काढले. समोरून पूर्ण इमारत एकदाही काढली नाही. आणि तिथे पुतळा ‘असणार’ म्हणून एका माणसाचं काम मी बाद केलं. ज्याला ठाऊक होतं त्याला अडाणी ठरवून.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. एका फुगेवाल्याने विचारलं, ‘साहेब, काय बघताय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ आणि खरंच, तेच तर बघत होतो.

संध्याकाळी सरळ काकांच्या दारात गेलो. बेल वाजवली, वहिनींनी दार उघडलं. मी आत जाऊन उभ्यानेच म्हटलं, ‘माझं चुकलं. कोनाडा रिकामा आहे.’ काका म्हणाले, ‘बसा आधी.’ चहा आला. मग ते कपाटामागून चित्र काढून घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि जे म्हणाले ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, ‘पण सर, पांढरा कागद सोडायला नको होता. तिथे सावली आहे. छत्रीच्या आत ऊन कुठून जाणार? हे अपुरं आहे हे तुमचं बरोबर होतं, कारण चुकलं होतं.’

मी विचारलं, मग सोडलात का? त्यांनी कपाटातून तीन-चार कागद काढले. प्रत्येकावर तोच कोनाडा. निळसर करड्या रंगात सावली भरून पाहिली होती. दर वेळी रंग वाळला की त्यात कोणीतरी उभं आहे असं दिसायचं. सावली जरा गडद झाली की बाई उभी. फिकी केली की पदर घेतलेली बाई. ‘शेवटी कंटाळून तसंच ठेवलं,’ ते म्हणाले, ‘तीस वर्षं बघतोय, रिकामं आहे. पण रिकामं काढता येत नाही.’ त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून सहा कागद खराब केले. मलाही जमलं नाही. जेवणं गार झाली आणि दोन्ही घरांत बोलणी बसली.

प्रदर्शन तोवर केव्हाच उतरलं होतं. आयोजकांना मी पत्र लिहिलं, बाकीच्या दोन परीक्षकांना फोन केला. आर्किटेक्ट थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मला माहीत असायला हवं होतं.’ त्याने क्रमांक ४१ काही भिंतीवर लागला नाही. झालेलं झालं.

आता आजच्या प्रदर्शनाबद्दल. विषय ‘आपली इमारत’. आपली इमारत काही युनेस्कोच्या यादीत नाही, व्ही.टी. २००४ साली गेली, आपल्याला तूर्त पुढच्या पावसाआधी वॉटरप्रूफिंग झालं तरी पुष्कळ. आलेली चित्रं ५२, या भिंतींवर मावतात ३०. कमिटीने मला एकट्याला निवडायला सांगितलं होतं. मी म्हटलं, एकटा नाही. सी विंगमधले काका बरोबर हवेत, आणि शंका आली की आम्ही दोघे उठून जागेवर जाऊन बघणार. त्यामुळेच यादी चार दिवस उशिरा लागली. सेक्रेटरी साहेबांचे तीन फोन मी उचलले नाहीत, कारण त्या वेळी मी गच्चीवर होतो.

गच्चीवर का, तेही सांगतो. एका चित्रात सी विंगवर पाण्याच्या चार टाक्या काढल्या होत्या. मी म्हणालो, तीन आहेत. काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आम्ही शिडीने वर चढलो, या वयात, गुडघे धरून. टाक्या चार आहेत. चौथी कोणी, केव्हा बसवली हे पुढच्या वार्षिक सभेत विचारायला हवं, तो वेगळा विषय.

न लागलेली २२ चित्रं परत दिलेली नाहीत. ती बी विंगच्या जिन्यात, पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत लावली आहेत. प्रत्येकाखाली ते का घेतलं नाही याची चिठ्ठी आहे, आमच्या दोघांच्या सह्यांनिशी. कारण पटलं नाही तर चिठ्ठीवरच लिहा, पेन दोरीला बांधलेलं आहे. बी विंगची लिफ्ट दुरुस्तीसाठी आज संध्याकाळपर्यंत बंद आहे, तेव्हा जिन्याने जाणं सगळ्यांना होणारच आहे.

आणि काकांचं ते व्ही.टी.चं चित्र त्यांनी आज पहिल्यांदा बाहेर आणलंय. दाराशेजारी, मीटरच्या पेटीच्या वर. कोनाडा अजून पांढराच आहे.