जिप्समच्या आधी चर
(प्रभागसंघाच्या बिद्री येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



यंदा काही जणींनी जिप्सम घ्यायला गटातून अंतर्गत कर्ज मागितलं आहे. मागणी रास्त आहे. पण हा पैसा तुमच्या बचतीचा आहे, आणि चुकीच्या रानात टाकलेलं जिप्सम परत गोळा करता येत नाही. म्हणून अर्ज मंजूर करण्याआधी थोडं बोलूया.

पहिलं म्हणजे, रान खारं आहे की चोपण? आपण दोन्हीला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतो, पण दुखणी वेगळी आहेत. खाऱ्या रानात उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं, माती मात्र भुसभुशीत राहते. तिथले क्षार पाण्यात विरघळतात. निचरा करून चांगल्या पाण्याने धुतले की जातात. जिप्सम लागत नाही. चोपण रान ओलं असताना साबणासारखं बुळबुळीत आणि वाळलं की दगडासारखं कडक. वर पाणी उभं असतं, खाली माती कोरडी. वाफसा धड येत नाही. नांगर घातला की नुसती ढेकळं. काही रानांत दोन्ही दुखणी एकदम असतात.

असं का होतं? चांगल्या मातीत कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र धरून ठेवतं. सोडियम वाढलं की कण सुटे होतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजतात. चांगली माती रव्यासारखी, चोपण माती भिजवलेल्या मैद्यासारखी. मग पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. हे सोडियम बोअरच्या खराब पाण्यातून येतं. उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं आणि निचरा नसला, की जमिनीखालचं पाणी वर येतं. ऊन पाणी उडवतं आणि क्षार मागं राहतात.

घरी एक साधी परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे फसगत होते. शेंगदाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ पाणी दिसलं, तर चोपणपणाचा संशय घ्या. पाणी नितळ राहिलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण मीठ जास्त असलं तर चोपणपणा झाकला जातो. शेवटचा शब्द माती परीक्षणाचा. नमुना देताना सामू, विद्राव्य क्षार आणि विनिमययोग्य सोडियम असं तिन्ही तपासून मागा. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल, तर रान चोपण. जिप्सम किती टाकायचं तेही त्या अहवालावरूनच ठरतं, शेजारणीनं किती पोती टाकली त्यावरून नाही.

आता मुख्य मुद्दा. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हटवतं. पण हटवलेलं सोडियम जाणार कुठं? ते पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं पाहिजे. चर नसेल तर ते तिथंच राहतं आणि कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहतात. म्हणून आधी चर, मग जिप्सम. आणि चर एकटीचा होत नाही. पाणी चार जणींच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले आणि पडीक पडलेली राने पुन्हा पिकाखाली आणली. तिथंही एकट्यादुकट्यानं जमलं नसतं. गट चालवायची सवय तर आपल्याला आहेच.

चर झाला की मृगाच्या आधी जिप्सम बारीक करून शेणखताबरोबर वरच्या चार-सहा इंच मातीत मिसळा. खोल नांगरून गाडू नका. वाफे बांधा आणि पावसाला धुऊ द्या. मग ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर यायच्या आधी गाडा. भात अशा रानात बऱ्यापैकी तग धरतो. हरभरा, मूग, उडीद मात्र सुरुवातीला नको. पीक पिवळं पडलं की लगेच युरिया ओतू नका. सामू जास्त असला की त्यातलं नत्र हवेत उडून जातं, आणि पिवळेपणा जस्त-लोहाच्या कमतरतेचाही असू शकतो. चुना तर टाकूच नका. अशा मातीत तो विरघळत नाही.

एका वर्षात रान सुधारणार नाही, दोन-तीन हंगाम धरून चला. हप्तेही त्या हिशेबानं बांधा.

माझी सूचना एवढीच: जिप्समच्या कर्जाच्या अर्जाला माती परीक्षणाचा अहवाल जोडावा, आणि लागून राने असलेल्या बायांनी चराचा अर्ज एकत्र द्यावा. पुढच्या सभेला येताना आपल्या रानाचं पाणी कुणाच्या बांधावरून कुठं जातं, ते कागदावर काढून आणा. तिथूनच सुरुवात करू.